जाड मुठीचं डंबेल उचलायचं तर अंगठ्यापासून सुरुवात

थॉमस इंच या इंग्लिश पहिलवानाचं प्रसिद्ध डंबेल १७२ पौंडांचं, म्हणजे सुमारे ७८ किलोचं. बारबेलवर याच्या दुप्पट वजन सहज उचलणारेही त्यापुढे हात टेकतात, कारण त्याची मूठ जवळपास ६० मिलिमीटर जाड आहे. नेहमीच्या २८ मिलिमीटरच्या दांड्यावर अंगठा बोटांवर चढून कुलूप लावतो. इथे अंगठा आणि बोटं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. त्यात डंबेल अखंड ओतीव, त्यामुळे जमिनीवरून सुटताच दोन्ही गोळ्यांसकट ते बोटांच्या टोकांकडे फिरू लागतं. जड गोळे एकदा फिरायला लागले की थांबत नाहीत. म्हणून स्प्रिंगचा ग्रिपर दाबत बसण्याचा इथे फारसा उपयोग नाही. त्यात पंजा मिटतो. इथे उघडा पंजा तसाच धरून ठेवायचा असतो.

सरावाचं डंबेल घरच्या घरी जमतं. नळाच्या दुकानातल्या दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो, म्हणजे नेमका हवा तेवढा. काळा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पाइप घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला घेतलात तर वेल्डिंगआधी टोकांवरचा जस्ताचा थर घासून काढायला सांगा. जस्ताचा धूर छातीला घातक असतो. १२ सेंटिमीटरचा तुकडा ४५ सेंटिमीटरच्या डंबेल रॉडवर मधोमध बसवून दोन्ही टोकांना वॉशर लावा आणि वॉशर पाइपला व रॉडला, दोन्हींना वेल्ड करून घ्या. पाइप रॉडवर मोकळा फिरता कामा नये. प्लेट्सही कॉलरने घट्ट आवळा. त्या सैल राहिल्या तर त्यांचा फिरण्याचा जोर हातापर्यंत येत नाही आणि आकडा फुकटचा फुगतो. मूठ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंग देऊ नका.

उचलताना डंबेल पायाच्या बाजूला, हात सरळ. आधी तळहात मुठीवर घट्ट टेकवा, मग अंगठा जितका खाली जाईल तितका न्या, बोटं शेवटी. मनगट किंचित आत वळवलेलं ठेवा. ते मागे झुकलं की बोटं उघडतात. झटका देऊ नका, जोर हळूहळू वाढवत पायांनी उठा. कोपर वाकवून ओढण्याच्या नादात बायसेप दुखावतो. डंबेल मांडीला टेकवून फिरणं थांबवता येतं, पण ती उचल धरू नये.

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान ७२ तास. पहिल्या दिवशी हलक्या वजनावर दोन-तीन सेट, मग एकदा कशीबशी जमते त्या वजनाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर सहा ते आठ एकेरी उचली, म्हणजे एका वेळी एकच. प्रत्येक उचल दोन सेकंद धरायची, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. त्यानंतरचा व्यायाम सर्वांत कामाचा: कमाल वजनाहून पाच टक्के जास्त वजन दोन्ही हातांनी उचला, सरळ उभे राहा आणि एक हात अलगद सोडा. तीन ते पाच सेकंद, चार वेळा. खाली जाड रबरी मॅट हवीच आणि पाय बाजूला.

दुसरा दिवस अंगठ्याचा. दहा किलोच्या दोन प्लेट्स गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून चिमटीत धरा, १५ सेकंद, पाच वेळा. न जमल्यास पाच-पाच किलोच्या घ्या. मग मनगटासाठी लांब दांड्याचा हातोडा टोकाशी धरून वरखाली. तालमीत करेला, म्हणजे जड लाकडी मुद्गल फिरवणाऱ्यांची मनगटं तयार असतात, पण त्याची मूठ बारीक. पंजा उघडा ठेवण्याची सवय त्यांनाही वेगळी लावावी लागते. शेवटी बोटांभोवती रबरबँड घालून पंजा उघडण्याचे २५ चे दोन सेट.

वजन एकेका किलोने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला उचली निम्म्या करा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर एकेरी उचली दोन आठवडे बंद, रबरबँड चालू. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर चिमटीचा व्यायाम आधी थांबवा. पावसाळ्यात मूठ दमट राहते आणि त्याच वजनाला हात सुटतो. तेव्हा ती कोरड्या फडक्याने पुसा, मॅग्नेशियम चॉक हाताला पातळच लावा आणि मुठीवर साचलेला जुना थर ब्रशने काढून टाका.