मणक्याच्या गादीत जंतुसंसर्ग: या चुका टाळा

सोलापुरात पाठ न दुखणारं घर शोधूनही सापडायचं नाही. कुणी यंत्रमागापुढे पाळी काढतं, कुणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतं. त्यामुळे ‘कामाचं दुखणं, उतरेल’ म्हणायची सवयच लागली आहे. बहुतेकदा उतरतंही. पण आडवं पडलं तरी थांबत नाही, कूस बदलताना ओरडायला लावतं आणि आठवड्यागणिक वाढतंच, ते दुखणं वेगळं. मणक्यांमधल्या गादीत जंतू शिरले असतील. मधुमेह असलेल्यांनी, डायलिसिसवरच्यांनी, नुकताच लघवीचा जंतुसंसर्ग झालेल्यांनी तर वाट बघूच नये. अशी पाठ चोळून किंवा झटका देऊन बसवून घेऊ नका.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, अनेकांना तो येतच नाही. एक्स-रेसुद्धा पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ दिसू शकतो. रक्तात ईएसआर, सीआरपी (अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असल्याची खूण दाखवणाऱ्या तपासण्या) वाढलेलं असेल तर एमआरआयच करायला हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जंतू कोणता हे कळण्याआधीच अँटिबायोटिक सुरू करणं. दुकानातून आणलेल्या चार गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडेनासा होतो. मग सुईने मणक्यातला तुकडा काढूनही उत्तर मिळेलच असं नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं तर क्षयरोगालाही अर्धवट दाबतात, आणि आपल्याकडे मणक्याचा क्षय काही दुर्मीळ नाही. म्हणून तुकडा काढला की त्याची क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणीही होणार का, हे विचारा. घरी जनावरं असतील, कच्चं दूध पिण्यात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; ब्रुसेला नावाचा जंतू तिथून येतो. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषधासाठी तपासणीची वाट बघायची नसते.

साध्या जंतूंसाठी साधारण 6 आठवडे औषध लागतं, सुरुवातीला बहुधा शिरेतून. क्षयाला सहसा वर्षभर. दुखणं महिन्याभरात ओसरतं आणि नेमक्या तेव्हाच माणसं गोळ्या सोडतात, हे बघून फार वाईट वाटतं. उलट, माणूस सुधारत असताना एमआरआय आधीसारखाच दिसला तर घाबरू नका. चित्र मागून सुधारतं.

पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ऑपरेशनची गरज असू शकते. तेव्हा रात्र असली तरी सकाळ होऊ देऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.