शहापुरातल्या खिडकीतलं निवडुंग

बेळगावच्या पावसानं माझं पहिलं मॅमिलेरिया, म्हणजे छोटं गोल निवडुंग, कुजवलं. बुडाशी बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ! आता जून ते सप्टेंबर कुंडी गच्चीवर ठेवतच नाही. पूर्वेच्या खिडकीत, पाणी जवळजवळ बंद. मातीत निम्मी जाड वाळू नि विटेचा चुरा घालते. शेतातली काळी माती नकोच, ती पाणी धरून बसते. कुंडीला भोक हवंच. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकली की भरपूर पाणी घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. डिसेंबर-जानेवारीत कोरडंच ठेवा, ऊन मात्र भरपूर. सासूबाई म्हणतात, "उपाशी ठेवतेस की गं त्याला!" पण त्या विश्रांतीनंतरच डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं धरतं. कुंडी बदलताना जुन्या पेपरची घडी गुंडाळून धरा, काटे टोचत नाहीत.