चांदण्या पसरत होत्या, यंदा जमल्या एकदाच्या

आमच्याकडे नवापूरला नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे असतातच पण पोरांना चांदणीच्या कुकीज पण लागतात आणि मागची दोन वर्षं माझ्या चांदण्या ओव्हनमधे पसरून पार गोल व्हायच्या, फार वाईट वाटायचं कारण ताटं शेजारी द्यायची असतात ना.

चूक बटरची होती. मी ते गॅसवर पातळ करून घ्यायचे. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, ते आधीच पातळ असलं तर मैदा शिजून आकार धरायच्या आत सगळं वाहून जातं. आता बोट दाबलं जाईल इतकंच मऊ घेते, १०० ग्रॅम बटर, ७५ ग्रॅम पिठीसाखर, १७५ ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. सोडा बंदच केला, त्याने अजून पसरतात.

पण खरा फरक फ्रिजने पडला. लाटून, कापून ट्रेसकट ३० मिनिटं आत ठेवायच्या, तोवर ओव्हन १७० डिग्रीला तापवायचा, मग १२-१३ मिनिटं. कडा लालसर झाल्या की काढा, गरम असताना मऊ लागतात पण ट्रेवरच गार होऊ द्या, कडक होतात.

एक घाणा अर्धं दादरचं म्हणजे ज्वारीचं पीठ घालून केला. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणून लाटताना तुटत होतं, दोन चमचे दूध घातलं तेव्हा जमलं. सासूबाईंना तर त्याच जास्त आवडल्या, आता २४ तारखेला परत करायच्यात.