‘माझं काम साधंच आहे हो’: लॅपटॉपच्या गिऱ्हाइकांनी शिकवलेला युझर रिसर्च

बी.कॉम. करून तीन वर्षं अकाउंट्समध्ये काढल्यावर मी यूएक्सकडे, म्हणजे अ‍ॅप नि वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामाकडे वळले, तेव्हा पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं काही नव्हतं. कोर्सला सगळ्यांनी जेवण मागवायचं अ‍ॅप नव्याने डिझाइन केलं होतं, मीही केलं होतं. ते बघताना समोरचा घड्याळाकडे बघतो, हे नोकरीच्या दोन मुलाखतींत कळलं. मग घरचाच विषय घेतला. आमच्या नात्यात कुणालाही लॅपटॉप घ्यायचा झाला की फोन मला येतो. मला फार कळतं अशातला भाग नाही, पण ‘ती कॉम्प्युटरमधली’ अशी ख्याती झालेली. म्हटलं, तांत्रिक गोष्टी न कळणाऱ्या माणसाला लॅपटॉप निवडून देणारं एक पान करू. नोकरी सांभाळून दोन महिने गेले आणि अकरा माणसांशी बोलणं झालं.

सुरुवात चुकीचीच केली. गूगल फॉर्म बनवला आणि त्यात ‘रॅम किती हवी?’ असं विचारलं. बहुतेकांनी १६ जीबी लिहिलं. ज्याला माहीत नसतं तो सगळ्यात मोठा आकडा निवडून मोकळा होतो. शिवाय फॉर्म गेला माझ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, म्हणजे निम्मी मंडळी आयटीतली. फॉर्म टाकून दिला आणि आईच्या ओळखीतून माणसं शोधली: बदलापूरच्या एक प्राथमिक शिक्षिका, टॅलीवर बसणारा एक होलसेलवाला, बारावीच्या मुलीची आई, नुकतेच रिटायर झालेले एक बँकवाले काका. माणसं मिळवताना लाजू नका. फक्त किती वेळ लागेल ते आधी सांगा, रेकॉर्डिंगला परवानगी विचारा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

‘लॅपटॉपवर काय काम करणार?’ या प्रश्नाला अकराही जणांनी थोड्याफार फरकाने एकच उत्तर दिलं असतं: ‘साधंच हो, ऑफिसचं.’ पहिल्या तिघांनी दिलंच. चौथ्या वेळी प्रश्न बदलला: ‘लॅपटॉप शेवटचा कधी उघडलात? उघडल्यापासून बंद करेपर्यंत काय काय केलंत?’

त्या शिक्षिकांचं ‘साधं’ काम असं निघालं: एका टॅबमध्ये सरल पोर्टल, एकात यू-डायस (दोन्ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं), मधे केंद्रप्रमुखांनी पाठवलेली एक्सेलची फाइल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, आणि दुपारी वर्गात व्हिडिओ. मी विचारलं, “व्हिडिओ मुलं लॅपटॉपवरच बघतात?” त्या म्हणाल्या, “छे गं, चाळीस पोरं! वर्गात टीव्ही आहे ना. ती वायर लावायची.” आणि पर्समधून वायर काढून टेबलावर ठेवली. ती एचडीएमआयची होती, टोकाला रबर बँड गुंडाळलेला. त्यांना आवडलेला, पातळ नि हलका लॅपटॉप मी फोनवर उघडून बघितला. त्याला एचडीएमआयचं पोर्टच नव्हतं, दोन टाइप-सी आणि हेडफोनचं भोक, बस्स. एवढे पैसे घालून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची फजिती झाली असती. आणि ‘तुम्हाला एचडीएमआय हवंय का’ असं विचारलं असतं, तर त्या नक्की ‘नको’ म्हणाल्या असत्या.

तेव्हापासून प्रत्येकाला एक विनंती करायचे: तुमची बॅग दाखवा. त्यातून चार्जर, वायरी, पेनड्राइव्ह, चष्म्याची दुसरी जोडी असं बाहेर यायचं. होलसेलवाल्याच्या बॅगेत वेगळा नंबर पॅड होता. चौदा इंची लॅपटॉपला आकड्यांचा पॅड बहुधा नसतो आणि वरच्या ओळीतून आकडे टाइप करताना त्याचा हात चालत नव्हता. त्याला प्रोसेसरशी काही देणंघेणं नव्हतं.

घरी बोलणं झाल्यावर दुकान बघायला हवं होतं. दोन शनिवार ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. एका दुकानदाराची रीतसर परवानगी घेतली आणि काउंटरच्या कडेला वही घेऊन उभी राहिले. तिथे कळलं की गिऱ्हाईक एकटं नसतंच. सोबत भाचा असतो, नाहीतर तो फोनवर असतो. सेल्समन बोलतो भाच्याशी, पैसे देतो मामा. ‘आय फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या,’ हे वाक्य मी एका दुपारी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडलं. हा इंटेलचा प्रोसेसर कितव्या जनरेशनचा, म्हणजे किती जुना, ते एकाच मुलाने विचारलं. जुने, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉपही तिथे असतात, आणि सातव्या जनरेशनच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

इथे नवख्यांना एक सांगते. आपण माणसांचा अभ्यास करतो म्हणून वस्तूचा अभ्यास टाळता येत नाही. नावं फसवतात. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर बघा. सुरुवातीचा ७ बघून वाटतं, चिप ताजी आहे. पण आतली रचना सांगतो तिसरा अंक, आणि तो २ आहे: झेन २, जी बाजारात आली २०१९ मध्ये. हे जाणकार भाच्यालाही ठाऊक नसतं. मलाही तोवर नव्हतं.

बँकवाल्या काकांची गोष्ट वेगळी. त्यांनी आदल्याच वर्षी ५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला होता आणि विंडोज दाखवत होतं ४७६. “छत्तीस जीबी दुकानदाराने खाल्ले,” असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते. कंपनी १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणते आणि विंडोज सुमारे १०७ कोटींना, एवढाच तो घोळ. मी उत्साहाने कागदावर गणित मांडलं. काका गप्प झाले ते झालेच. पुढची वीस मिनिटं नुसतं हो-नाही. मुलाखत चालू असताना मास्तरकी करू नये, हे पुस्तकात वाचलं होतं. गणित शेवटी, निघताना सांगायचं. आधी विचारायचं, ‘खाल्ले असं का वाटलं?’

प्रोटोटाइप, म्हणजे पानाचा कच्चा नमुना, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. त्यात सहा प्रश्न होते, एकही तांत्रिक शब्द नाही: काय काय जोडता, रोज बॅगेतून नेता का, आकडे टाइप करता का, अशा धर्तीचे. शेवटी तीन लॅपटॉप आणि प्रत्येकाखाली साध्या मराठीत कारण. स्पेसिफिकेशन सगळी लपवली होती आणि त्याचा मला भलता अभिमान होता. पाच जणांवर चाचणी घेतली. पाचांतल्या चौघांनी निकाल वाचला, मान डोलावली आणि स्क्रीनशॉट भाच्याला, जावयाला, शेजारच्या इंजिनियरला पाठवला. पलीकडून उत्तर आलं: ‘रॅम किती? जनरेशन?’ माणूस परत माझ्याकडे बघायला लागला. माझं पान एका माणसासाठी होतं, निर्णय दोघांत होत होता.

दुसऱ्या आवृत्तीत वरचं तसंच ठेवलं आणि खाली ‘जाणकाराला पाठवायची चिठ्ठी’ जोडली. त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम वाढवता येते की बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, पोर्ट किती, वजन किती. सगळ्यात वर एक ओळ: ‘वर्गातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडायचा आहे.’

पोर्टफोलिओत पहिली, फसलेली आवृत्तीही ठेवली, स्क्रीनशॉटसकट. नोकरीच्या मुलाखतींत जास्त प्रश्न त्यावरच आले. आणि ‘८० टक्के वापरकर्त्यांनी’ असं कुठेही लिहिलं नाही. पाचांतले चार म्हणजे चार माणसं, तेवढंच लिहा. अनुभवी माणूस ती टक्केवारी बघून पुढचं वाचतच नाही.

शिक्षिकांनी चिठ्ठी भाच्याला पाठवली. त्याचा अंगठा आला. त्यांनी फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, “मग हाच घेऊ ना गं?” चाचणी चालू होती, मी काहीच बोलू शकत नव्हते. रेकॉर्डिंग बंद केलं, चहा आला, मग म्हटलं, “दुकानात जाल तेव्हा ती वायर बरोबर न्या. आधी लावून बघा, मग पैसे द्या.”