वारसा जतनाच्या कामात येताय? आधी भिंत कुठून सुकते ते पाहा

नागपुरात राहून वारसा जतनाचं काम करते म्हटलं की लोक विचारतात, "इथे जतन करण्यासारखं आहे तरी काय?" काटोल रोडला जुनापाणीची महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत, रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांची देवळं आहेत, मनसरचे उत्खननातले अवशेष आहेत, नगरधनचा किल्ला आहे. महाल या जुन्या वस्तीत भोसल्यांच्या काळातले वाडे अजून उभे आहेत. आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा आहे. काम भरपूर आहे, करणारे हात कमी आहेत. म्हणूनच आर्किटेक्चर, सिव्हिल, पुरातत्त्व किंवा रसायनशास्त्र शिकून इकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

व्हेनिस चार्टर ही जतनाची आंतरराष्ट्रीय सनद काय, युनेस्कोची यादी काय, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरची बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरचं नियंत्रण काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मला सांगायचंय ते एकाच फासाबद्दल. त्यात माझी सुरुवातीची वर्षं अडकली, आणि तो कोणी वर्गात नीट उलगडून दाखवला नाही. तो फास म्हणजे "जे मजबूत ते चांगलं" ही समजूत.

मी सिव्हिलची. आमच्याकडे मजबुती हेच दैवत. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि आकडा चढा आला की समाधान. हीच नजर घेऊन मी महालातल्या एका वाड्याच्या मोजमापाला गेले. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यातलं विटांचं बांधकाम, आत सागवानी खांब. मागच्या भिंतीला मालकांनी स्वतःच्या खिशातून, मोठ्या आस्थेने सिमेंटने दरजा (विटांमधले सांधे) भरून घेतल्या होत्या. माझ्यासमोर जे होतं ते असं: दरजा जशाच्या तशा, कडक, करड्या, जाळीसारख्या पुढे आलेल्या. त्यांच्यामधल्या विटा मात्र बोटभर आत गेलेल्या. बोट फिरवलं की लाल पूड हातात यायची आणि त्या पुडीत पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) चमकायचा.

अशी भिंत पाहिली की नवा माणूस हमखास म्हणतो, विटा कच्च्या होत्या, दरजा तेवढ्या पक्क्या निघाल्या. खरं कारण मला तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. ते म्हणाले, "म्याडम, पाणी भितीत शिरते ते शिरतेच. ते निघते कुठून ते पाहा ना. दरजेची वाट बंद केली त विटेतून निघते, न वीट खाऊन निघते."

हे वाक्य मला पुरतं कळायला बरेच पावसाळे जावे लागले, म्हणून इथे सावकाश सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

जुन्या भिंतीत पाणी दोन वाटांनी येतं: पावसाचं वरून-बाजूने आणि जमिनीतली ओल जोत्यातून वर. जुन्या बांधकामात ओलरोधक थर नसतो, त्यामुळे ओल येणारच. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे भिंत दरवर्षी भरपूर भिजते आणि भरपूर सुकते. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे पाणी दरजेतून वाफ होऊन जातं. पाण्याबरोबर आलेले क्षारही दरजेतच साठतात. मग दरज झिजते, भुसभुशीत होते, पंधरा-वीस वर्षांनी गवंडी ती खरवडून नवी भरतो. वीट शाबूत राहते.

आता तिथे सिमेंट भरा. दरजेतून पाणी निघेना. ते विटेच्या तोंडाकडे वळतं. क्षार विटेच्या कातडीखालच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचं तोंड आतून फोडतात. शिवाय सिमेंट स्वतःचे विरघळणारे क्षार भिंतीत सोडतं ते वेगळेच. वर तापमानाचा खेळ: भिंत हिवाळ्या-उन्हाळ्यात आकुंचते, पसरते. चुना थोडा सैल असतो, त्यात बारीक तडे पडतात आणि पाण्याच्या संगतीने पुष्कळदा आपोआप सांधले जातात. सिमेंट वाकत नाही, त्यामुळे ताण विटेच्या कडांवर येतो. दुरुस्ती भक्कम उभी राहते आणि जिच्यासाठी दुरुस्ती केली ती भिंत जाते.

तेव्हा जुन्या बांधकामातली दुरुस्ती मूळ बांधकामापेक्षा मऊ हवी, म्हणजे झीज दुरुस्तीच्या वाट्याला येते. भिंतीसमोर उभं राहिल्यावर मनात पहिला प्रश्न हाच यावा: इथे आधी काय झिजणार आहे, माझं की त्यांचं?

हे फक्त नागपूरच्या वाड्यांपुरतं आहे असं समजू नका. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर १८९८ पासून १९३३ पर्यंत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने डागडुजी केली. संगमरवराचे तुकडे त्यांनी लोखंडी कड्यांनी जोडले. प्राचीन ग्रीक कारागीरही लोखंड वापरत, पण त्याभोवती शिसं ओतत, म्हणजे हवा-पाणी लागत नसे. बालानोसांच्या उघड्या लोखंडाला गंज चढला, ते फुगलं आणि पार्थेनॉनचा संगमरवर तडकला. १९७५ मध्ये त्यासाठी खास समिती नेमली गेली, आणि ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम पुढे कित्येक दशकं चाललं. मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की ताण आलाच तर संगमरवराआधी टायटॅनियमने हार मानावी अशा बेताने ते जोड आखले जातात. महालातल्या काकांचं गणित आणि अथेन्सच्या तज्ज्ञांचं गणित एकच आहे, हे समजलं तेव्हा मला या कामाबद्दल पहिल्यांदा खात्री वाटली.

आपल्या अजिंठ्याचंही पाहा. निझामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावलं गेलं. उखडणारा रंग त्यांनी सांभाळला, त्याचं श्रेय आहेच. पण वर दिलेला लाखेचा लेप काळानुसार पिवळा-काळपट पडला, आणि तो उतरवणं हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांसाठी पुढच्या पिढ्यांचं काम होऊन बसलं. जे लावाल ते उद्या कोणाला काढता येईल का, हे विचारल्याशिवाय काही लावू नका. परदेशी नाव पाहून तर अजिबात नाही.

मग परदेशाकडून शिकायचं काय? पुष्कळ. जपानात इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली ते ६२ व्या वेळी झालं. तिथे लाकूड नवं असतं, जपलं जातं ते सुताराचं कसब. दगडी इमारतींवर पोसलेल्या युरोपीय विचारात हे बसत नव्हतं, आणि म्हणून जपानमधल्या नारा इथे १९९४ साली तज्ज्ञांनी केलेल्या दस्तऐवजात मान्य झालं की अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत तपासायचा. मालीमधल्या जेन्ने गावची मोठी मशीद मातीची आहे, आजची इमारत १९०७ सालची. दरवर्षी सारा गाव मिळून तिला मातीचा गिलावा करतो. भिंतीतून बाहेर आलेले ताडाच्या लाकडाचे दांडे पायाडाचं काम देतात. म्हणजे देखभाल इमारतीतच बांधून ठेवली आहे.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपली शेणामातीने सारवलेली घरं येतात, पोळ्याच्या आधी खेड्यात होणारी सारवण-रंगवण येते. जेन्नेचं कौतुक करणारी मुलं स्वतःच्या आजीच्या हातातल्या कसबाची नोंद करत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आजी आहे तोवर करा.

नोंदीचं मोल कळायला वॉर्सा पुरेसं आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराचा ऐतिहासिक भाग ८५ टक्क्यांहून जास्त उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा उभा राहिला तो अठराव्या शतकातल्या बेलोत्तोच्या चित्रांच्या आणि युद्धाआधी आर्किटेक्चरच्या विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या मोजमापांच्या आधारे. ती रेखाटनं युद्धात लपवून ठेवली होती. १९८० साली हे नव्याने बांधलेलं जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या मोजमापाच्या वह्या रद्दीत देऊ नका. त्यावर तारीख, जागा, मोजणाऱ्याचं नाव लिहा आणि स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

आता थोडं कडक बोलते. आठवडाभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने कोणी जतनतज्ज्ञ होत नाही. व्हिडिओ पाहून चुन्यात गूळ, बेलफळ, उडदाचं पाणी ओतणं याला मी जतन म्हणत नाही. ही द्रव्यं खरी आहेत, जुन्या बांधकामात वापरलेलीही आहेत, पण कुठल्या चुन्यात, किती, आणि कशासाठी हे ठाऊक नसेल तर ती गंमत भिंतीच्या जिवावर होते. आणि सर्वात मोठा घात इथे होतो: कागदावर "चुना" लिहिलेलं असतं, पण साइटवर "लवकर पकडायला" कोणीतरी घमेलंभर सिमेंट मिसळतो. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की हे घडतं. दुसऱ्या सकाळी माल नखाने ओरखडत नसेल आणि रंग करडा दिसत असेल, तर काम तिथेच थांबवा. ओशाळू नका, तेच तुमचं काम आहे.

जुना माल ओळखायची सोपी चाचणी अशी. दरजेतला आतला खडा घ्या, फोडा, सौम्य आम्लात टाका. चुना फसफसून विरतो, खाली वाळू आणि सुरखी (विटेची पूड) उरते. ती धुऊन, वाळवून, चाळून वजन केलं की मूळ मिश्रणाचा अंदाज येतो. वाळूतच चुनखडीचे कण असले तर आकडा फसवा निघतो, म्हणून एका खड्यावर निकाल देऊ नका.

गुरू कोण करावा यावर माझं मत ठाम आहे. ज्याच्या अहवालात आधीच्या दुरुस्त्यांवर एक पानसुद्धा नाही, त्याच्याकडे उमेदवारी करू नका, मग सभांमध्ये तो कितीही गाजू दे. गवंड्याशी बसून चहा पिणारा गुरू शोधा. सुरुवातीच्या एका ठिकाणी मला फक्त सादरीकरणं सजवायला बसवलं होतं. तिथे शिकले ते सगळं वाड्यातल्या त्या काकांपुढे फिकं आहे.

पैशाचं खोटं सांगणार नाही. पहिली काही वर्षं नुसत्या या कामावर घर चालणं अवघड आहे. मी स्ट्रक्चरल ऑडिटची कामं घेत राहिले आणि आजही घेते. त्यात कमीपणा नाही, उलट नव्या इमारती तपासणारी नजर जुन्यांना उपयोगी पडते. घाबरूनही जाऊ नका. चुना ओळखणारा, मोजमाप चोख करणारा आणि साइटवर उभा राहणारा माणूस इतका दुर्मीळ आहे की एकदा नाव झालं की बोलावणी येतात.

शिक्षणाचं म्हणाल तर आपल्या नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. आर्किटेक्चरवाल्यांना दिल्ली आणि भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा अहमदाबादचं सेप्ट आहे, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, वस्तूंच्या रासायनिक जतनात रस असेल तर लखनौची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा आहे. रोमच्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय जतनसंस्थेचे अभ्यासक्रम उत्तम, पण थोडा अनुभव गाठीशी असल्यावरच अर्ज करा. इथली एक भिंत पूर्ण पावसाळाभर पाहून गेलात, तर तिथे विचारायला प्रश्न असतील.

त्या वाड्याच्या भिंतीचं पुढे काय केलं ते विचारणारे असतीलच. सगळं सिमेंट काढलं नाही. जिथे ते विटेला घट्ट धरून होतं तिथे ओढलं असतं तर विटेचं तोंडच सोबत आलं असतं. सैल झालेल्या दरजा छिन्नी-हातोडीने काढल्या. ग्राइंडर लावू दिला नाही, कारण त्याचं पातं विटेच्या कडा खातं. कळीचा चुना आधीच विरवून मुरत ठेवला होता. नव्या दरजा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरनंतर भरल्या आणि गोणपाट ओलं करून झाकून ठेवल्या. उन्हाळ्यात चुन्याचं काम काढूच नका, नागपूरच्या उन्हात तो पकडण्याआधी सुकतो आणि पिठासारखा झडतो. जोत्याजवळचं पाणी वळवायला नाली काढली. खर्चाच्या मानाने सर्वात जास्त गुण त्या नालीने दिला.

तुम्ही या जुलैपासूनच सुरुवात करू शकता. ओळखीतल्यांचा एखादा जुना वाडा, देऊळ किंवा विहीर निवडा आणि मालकांची किंवा पुजाऱ्यांची परवानगी घ्या. स्मारक संरक्षित असेल तर बाहेरून पाहा, हात लावू नका, खडा तर मुळीच काढू नका. दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो, ओलीची रेघ जमिनीपासून किती वर चढली त्याचं माप, लोणा कुठे फुटला त्याची खूण, आधीची दुरुस्ती कुठे आणि कशाची, एवढंच वहीत उतरवा. दिवाळीपर्यंत ओल उतरताना भिंत कुठून आधी सुकते आणि कुठे अडते, हे त्या वहीत दिसायला लागेल. कामासाठी कोणाकडे गेलात तर गुणपत्रिकेआधी ती वही पुढे ठेवा.