आधी आरएनए जेलवर चालवून बघा

माझ्या पीएचडीचं हे चौथं वर्ष. यकृताच्या दुर्मिळ चयापचय विकारांसाठी लिपिड नॅनोकणांतून (चरबीसारख्या रेणूंचे अतिसूक्ष्म कण) एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, पोहोचवायचा, हा विषय. या विषयात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, कण बनवणं अवघड असतं का? नाही, ते आठवड्याभरात जमतं. आयनीभवनक्षम लिपिड, डीएसपीसी, कोलेस्टेरॉल आणि पेग-लिपिड हे चार लिपिड इथेनॉलमध्ये विरघळवायचे, आरएनए 4 पीएचच्या सिट्रेट बफरमध्ये घ्यायचा. एक भाग इथेनॉल आणि तीन भाग बफर बारीक वाहिन्यांच्या मायक्रोफ्लुइडिक चिपमधून वेगानं एकत्र सोडायचे, मग डायलिसिस करून इथेनॉल काढायचं. 80-100 नॅनोमीटरचे कण तयार होतात. नळी उजेडात धरली की निळसर झाक दिसते. मला ती अजून आवडते.

झोप उडते ती पुढे. पेशी कणाला आत घेते खरी, पण एंडोसोम नावाच्या पिशवीत कोंडते. तिथून सुटून पेशीद्रवात पोहोचणारा आरएनए जेमतेम काही टक्के.

दुसऱ्या वर्षी तीन महिने माझ्या पेशींत आरएनएपासून बनायला हवं ते प्रथिन दिसेना. एंडोसोमच आडवा येतोय असं धरून मी लिपिडांची प्रमाणं बदलत राहिले. कणांचा आकार ठीक होता, रायबोग्रीन या आरएनए मोजणाऱ्या चमकत्या रंगावर 90 टक्क्यांहून जास्त आरएनए कणांत गेलेला दिसत होता. शेवटी मूळ आरएनए जेलवर चालवला (त्यात रेणू लांबीनुसार वेगळे होतात), तर ठसठशीत पट्ट्याऐवजी खालपर्यंत ओघळ. बफरच्या बाटलीत आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, शिरलं होतं आणि आरएनएचे तुकडे झाले होते. रायबोग्रीन तुकडेही मोजतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता प्रत्येक बॅचआधी जेल, आणि माझी बाटली कुणाला देत नाही.

आजार निवडताना आधी अवयव बघा. शिरेतून दिलेल्या कणांवर रक्तातलं एपोई प्रथिन बसतं आणि ते यकृतपेशींत ओढले जातात. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे आरएनए औषध याच वाटेनं जातं. 2025 मध्ये फिलाडेल्फियात सीपीएस1 या यकृतातल्या विकराची कमतरता असलेल्या बाळाला, फक्त त्याच्या उत्परिवर्तनासाठी बनवलेला बेस एडिटर (डीएनएतलं एक अक्षर बदलणारं साधन) दिला, तोही अशाच कणांतून. तो शोधनिबंध मी एका रात्रीत दोनदा वाचला. ड्युशेनसारख्या स्नायू झिजवणाऱ्या आजारात मात्र अंगभरचे स्नायू गाठायचे असतात. तिथली वाट फार खडतर आहे, हे समजूनच उतरा.

जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना 37,000 रुपये पुण्यात पुरतात, पण हप्ता उशिरा येतो, म्हणून थोडी शिल्लक ठेवा.

लॅब ठरवताना तिथल्या वरिष्ठ विद्यार्थ्यांना गाठा. आरएनए स्वतः बनवता की विकत आणता? डीएलएससाठी, म्हणजे कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रासाठी, किती दिवस थांबावं लागतं? उंदरांवरच्या प्रयोगांना प्राणी नीती समितीची मंजुरी आहे का? माझी मंजुरी यायला सहा महिने लागले. तेवढ्या काळात 4 अंशांवर कण किती आठवडे टिकतात ते मोजत बसले, त्याचं निदान प्रबंधात एक प्रकरण झालं. तुम्ही तो अर्ज पहिल्या वर्षीच टाका.