दोन स्टिक व्हॅक्यूम, एक वाटी रांगोळी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं क्वालिटीला काढली. खोक्यावर काय छापलंय यापेक्षा काट्यावर काय येतंय, यावर माझा विश्वास. तरी पहिला स्टिक व्हॅक्यूम, म्हणजे बॅटरीवर चालणारं दांड्याचं धूळ ओढायचं मशीन, घेताना मी फसलोच. दुकानातल्या पोरानं नळीच्या तोंडाला प्लायवूडचा तुकडा लावला, मशीन चालू केलं आणि तुकडा अलगद वर उचलून दाखवला. "काका, ओढ बगा की!" मी बघितली आणि पैसे मोजून आलो.

घरी आल्यावर ध्यानात आलं, आमच्या घरात प्लायवूड उचलायचं कामच नसतं.

दुसरं मशीन माझ्या मेहुण्याचं. तो राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहतो, मी मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात. खाली शहाबादी फरशी, वरच्या दोन खोल्यांत नवीन टाइल्स. त्याला त्याचं मशीन कमी जोराचं वाटायचं, सौ.ला आमचं जड वाटायचं. मग आम्ही आठवडाभर अदलाबदल केली, आणि शेवटच्या रविवारी दोन्ही मशीन आमच्या सोप्यात आणून शेजारी शेजारी लावली. घरात त्यांना नावंही पडली, आमचा थोरला आणि मेहुण्याचा धाकटा. थोरला २.७ किलोचा, धाकटा दीड किलोचा, आणि थोरल्याची किंमत जवळजवळ दुप्पट. कंपन्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. मॉडेलं सारखी बदलत राहतात, तपासायची रीत मात्र कुठल्याही दोन मशीनला चालते.

आधी खोक्यावरचे आकडे, कारण निम्मी फसगत तिथंच होते. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा, ओढ किती ते त्यातून कळत नाही. पास्कल किंवा किलोपास्कल हा दाबाचा आकडा, तो तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणजे तो प्लायवूडचाच खेळ. तोंड बंद असताना आत हवा वाहत नाही, आणि धूळ उचलून नेते ती वाहती हवा. नळीवर तळहात दाबून बघा, मोटरचा आवाज चढतो. आपल्याला वाटतं जोर आला. खरं तर हलवायला हवाच उरलेली नसते, म्हणून मोटर मोकळी पळत असते. एअर वॅट हा आकडा त्यातल्या त्यात कामाचा, कारण त्यात दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरलेले असतात. पण एका खोक्यावर किलोपास्कल आणि दुसऱ्यावर एअर वॅट असेल तर ती तुलना सोडून द्या. किलोत फूट मिळवता येत नाहीत. आणि लाखाच्या वर पास्कल कुणी सांगितले तर हसून पुढं जा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथल्या हवेचा सगळा दाबच ९५ हजार पास्कलच्या आसपास. त्यापेक्षा जास्त ओढ काढणार कुठून?

बॅटरीच्या आकड्यात याहून मोठी गंमत आहे. थोरल्यावर २१.६ व्होल्ट छापलेलं, धाकट्यावर २५.२. मेहुणा खूश, "दाजी, व्होल्ट माझंच जास्त!" मी म्हटलं, थांब जरा. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण भरला की ४.२ होतो. सहा सेल ओळीनं जोडले की ३.६ नं गुणून २१.६ येतात आणि ४.२ नं गुणून २५.२. म्हणजे तेच सहा सेल, छापणाऱ्यानं कुठला आकडा उचलला एवढाच फरक असू शकतो. कधी २५.२ म्हणजे खरोखर सात सेलही असतात. म्हणून व्होल्टवर जाऊ नका. बॅटरीवर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज मावते तो आकडा, लिहिलेत का बघा, नसतील तर व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणा. थोरल्याचे २१.६ गुणिले २.५, म्हणजे ५४. धाकट्याचे २५.२ गुणिले २, म्हणजे ५०.४, तेही २५.२ हा भरल्या सेलचा आकडा नसेल तर. मेहुणा गप्प.

या ५४ वरूनच मिनिटंही काढता येतात. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोराच्या वेगावर, मशीन ४०० वॅट खात असेल तर ५४ ला ४०० नं भागा आणि तासाची मिनिटं करा, आठ येतात. खोक्यावरची चाळीस-पन्नास मिनिटं ही सगळ्यात मंद वेगाची, बहुतेक वेळा रोलरचं, म्हणजे फिरत्या ब्रशचं, तोंड काढून ठेवून मोजलेली असतात. तेव्हा घड्याळ लावून मधल्या वेगावर तुमचं अख्खं घर एकदा झाडून बघा. आमचं खालचं-वरचं मिळून बावीस मिनिटांत होतं आणि दोन्ही मशीन तेवढी पुरतात. तिथं निकाल बरोबरीत सुटला.

आता खरी परीक्षा. घरात जो कचरा पडतो तोच घ्या, दोन्ही मशीनला सारखा मोजून टाका. मी तीन प्रकार घेतले.

पहिली रांगोळी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५० ग्रॅम मोजली, शहाबादीच्या दोन फरश्यांमधल्या सांध्यावर पसरली आणि पायानं थोडी दाबली. आमच्या सांध्यांतलं सिमेंट जागोजागी झिजलंय, बारीक माती तिथंच बसते आणि झाडू वरून निघून जातो. मशीनची डबी फिल्टरसकट आधी तोलायची, एकाच वेगानं एक फेरा मारायचा आणि परत तोलायची. फिल्टरसकट अशासाठी, की बारीक पूड डबीत थोडी आणि फिल्टरवर थोडी अशी वाटली जाते. थोरल्यानं पहिल्या फेऱ्यात ४६ ग्रॅम घेतली, धाकट्यानं ४१. दुसऱ्या फेऱ्यानंतर ४८ आणि ४७. म्हणजे दुप्पट पैशाचा फरक एका जादा फेऱ्याएवढा. मात्र हा प्रयोग एकदाच करा आणि लगेच फिल्टर झटका. इतकी बारीक पूड रोज ओढायला ही मशीन केलेली नाहीत.

दुसरं भडंग. आमच्याकडं संध्याकाळी टीव्हीपुढं भडंग असतं आणि त्यातलं मूठभर सोफ्याखाली जातंच. चिरमुरा हलका पण आकारानं मोठा, शेंगदाणा जड आणि गोल. इथं थोरल्यानं लाज काढली. त्याच्या तोंडाची पुढची कड जमिनीलगत आहे आणि आत कडक ब्रशचा रोलर. बुलडोझरनं मुरूम ढकलावा तसे चिरमुरे पुढं पुढं ढकलले जाऊन भिंतीपाशी जमा झाले. जे शेंगदाणे आत गेले त्यातले दोन ब्रशनं मागं भिरकावले, ते माझ्या पायावर आले. धाकट्याचा रोलर मऊ, मखमलीसारखा, आणि तोंड पुढून उघडं. त्यानं चिरमुरे-शेंगदाणे एका दमात गिळले. दुकानात मशीन उलटं करून बघायची गोष्ट असेल तर ही. पुढची कड किती उंच आहे आणि रोलर मऊ आहे की राठ. फरशी-टाइल्सला मऊ रोलर, गालिचाला राठ ब्रश. दोन्ही तोंडं मिळत असतील तर त्याचे थोडे जादा पैसे द्यायला माझी हरकत नाही.

तिसरे केस. सौ.चे आणि मुलीचे, दोघींचे लांब. केस कुठल्याही रोलरला गुंडाळले जातातच, कुणी काहीही सांगो. बघायचं ते एवढंच, की रोलर हातानं किंवा नाणं फिरवून बाहेर निघतो का, आणि कात्री घालायला त्यावर खाच आहे का. रोलरच्या दोन्ही टोकांना बारीक बेअरिंग असतं. केस तिथं शिरले की ते गरम होतं आणि भोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं. थोरल्याचा रोलर काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. महिन्यातून दोनदा स्क्रू ड्रायव्हर कोण शोधणार?

मेहुण्याच्या घरी मात्र पारडं फिरलं. त्याच्या हॉलमध्ये जाड गालिचा आहे आणि वर मांजर. धाकटा त्यावर नुसता वरवर फिरला, केस तसेच रुतलेले. थोरल्यानं त्याच गालिच्यातून डबीभर राखाडी लोकर काढली. मेहुण्याची बायको ती डबी घेऊन शेजारणीला दाखवायला गेली.

फिल्टरचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे माझ्या ओळखीचं काम. फौंड्रीत शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे छर्रे मारून जॉब साफ करायच्या कामाला, धूळ गोळा करणारा डस्ट कलेक्टर असतो. आधी सायक्लोन, मग बॅग फिल्टर. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जड कण भिंतीला आपटून खाली पडतात, बारीक तेवढे फिल्टरपर्यंत जातात. स्टिक व्हॅक्यूमच्या डबीत हीच व्यवस्था मुठीएवढी करून बसवलेली असते. ती चांगली आहे का, हे आठवडाभर वापरल्यावर फिल्टर काढून बघितलं की समजतं. डबी भरलेली आणि फिल्टर नुसता मळलेला असेल तर सायक्लोन काम करतोय. फिल्टरवर धुळीची गोधडी बसली असेल तर सगळा भार फिल्टरवर पडतोय, आणि तो तुंबला की ओढ जाते. इथं थोरला सरस. धाकट्याचा फिल्टर चौथ्या दिवशीच झटकावा लागला.

मागून धूळ परत बाहेर येते का, त्यासाठी काळा रुमाल घ्या. हवा जिथून बाहेर पडते तिथं तो मिनिटभर धरा आणि दुसऱ्या हातानं थोडी रांगोळी ओढा. रुमालावर पांढुरकी झाक आली तर फिल्टर किंवा त्याचं रबर गळतंय. खोक्यावर एच-१३ लिहिलेलं असेल, म्हणजे सर्वांत अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा कागद, तरी हा रुमाल धराच. कागद कितीही चांगला असला तरी हवा कडेनं निघून गेली तर उपयोग काय? आमचे दोन्ही रुमाल काळेच राहिले.

आणि पावसाळ्याचा विचार करा. धुतलेला फिल्टर चोवीस तास वाळवा असं माहितीपत्रकात असतं. ते लिहिणाऱ्यानं कोल्हापूरचा जुलै बघितलेला नसावा. मी रविवारी धुतलेला फिल्टर बुधवारी हाताला दमट लागत होता, तरी घाई करून बसवला. दुसऱ्या दिवशी घरभर ओल्या पोत्याचा वास. तेव्हापासून दोन फिल्टर ठेवतो, एक मशीनमध्ये आणि एक पंख्याखाली. घेण्याआधी जादा फिल्टरची आणि जादा बॅटरीची किंमत विचाराच. बॅटरी खटकन निघणारी असावी आणि तिच्यावर आयएस १६०४६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक आणि आर-नंबर, म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक, छापलेला असावा. टर्बोवर चालवून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या.

राहिलं वजन. नुसतं किलोत वजन बघून काही कळत नाही, मनगटावर किती येतं ते बघायचं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो मशीनच्या मुठीत अडकवला, तोंड जमिनीवर टेकवलं आणि मूठ कमरेच्या उंचीला धरली. थोरल्याचा भार १.७ किलो आला, धाकट्याचा ८५० ग्रॅम. मोटर-बॅटरी सगळी मुठीजवळ, म्हणून. सौ.चा उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला होता. त्यात थोरल्याला ट्रिगर, काम संपेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. धाकट्याला साधं बटण आहे. जळमटं काढताना तर अख्खं मशीन डोक्यावर धरावं लागतं. ते माझ्याच्यानंही थोरल्यावर दोन मिनिटांपलीकडं झालं नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत वाऱ्याबरोबर पाचटाची काजळी उडत येते, गच्चीत आणि खिडकीच्या कट्ट्यावर काळी पिसं पडतात. झाडू लावला की टाइलवर काळी रेघ उठते. यावर दोन्ही मशीन उत्तम, फक्त तोंड जरा उचलून, न घासता फिरवायचं. आणि ओलं काही ओढायचं नाही, सांडलेला चहासुद्धा नाही. तशी वेगळी मशीन असतात.

निकाल आमच्या कामवाल्या मावशींनी दिला. त्यांना दोन्ही मशीन दोन-दोन दिवस वापरायला दिली होती. त्या म्हणाल्या, "काका, त्यो मोटा हाय त्याचं तोंड जिन्याच्या पायरीवर बसतच न्हाई. ह्यो बारका बरा." मी पायरी मोजली. अकरा इंच खोल, त्यात कोपरा घाणेरडा. आमचे काटे, रुमाल आणि गुणाकार यांत जिना आलाच नव्हता.

अदलाबदल कायमची झाली. थोरला राजारामपुरीत गेला, धाकटा आमच्याकडं राहिला, आणि वरचे पैसे मेहुण्यानं दोन हप्त्यांत दिले. एक घोटाळा मात्र होता होता राहिला. दोन्ही चार्जरची पिन सारखीच, व्होल्ट वेगळे, आणि मेहुणा माझाच चार्जर पिशवीत घालून निघालेला. जिन्यावरून हाक मारून परत बोलावला. आता दोन्ही चार्जरवर आणि दोन्ही मशीनवर ऑइल पेंटचे ठिपके दिलेत, थोरल्याला तांबडा, धाकट्याला पिवळा. फौंड्रीत पास आणि रिजेक्ट जॉबवर द्यायचो तसे.